ओल्या फडक्याची चौथी फेरी

मित्रांनो, वाचनालयात खिडकीजवळच्या टेबलावर जो कॉम्प्युटर आहे, त्यात राहणारा मी एक जुना खेळ आहे. जुना म्हणजे फार पुरातन नव्हे. पण खेळांचे वय माणसांसारखे मोजत नाहीत. आमच्यात दोन वर्षांत मिसरूड फुटते आणि पाच वर्षांत केस पिकतात. त्या मापाने मी आता आजोबाच. माझ्याहून मोठे, देखणे, दणदणीत खेळ जगात पुष्कळ आहेत. मी सगळा मिळून अर्ध्या-पाऊण तासाचा. त्यामुळे आपली कहाणी कोणाला सांगावी की नाही, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. पण माझ्या आयुष्यात एक दिवस असा उगवला, की तो सांगितल्यावाचून राहवत नाही. चुकलेमाकले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका जेवणाच्या टेबलावर झाला. मला दोघांनी घडवले, एका बहिणीने आणि तिच्या धाकट्या भावाने. मी त्यांना ताई आणि भाऊ म्हणेन. ताई चष्म्याच्या दुकानात काम करी. काच घासायची, फ्रेमच्या मापाची करायची आणि हलक्या हाताने बसवायची, असे तिचे काम. भाऊ वाद्ये दुरुस्त करी. दोघेही संध्याकाळी सहाला घरी येत, टेबलावर कॉम्प्युटर मांडत आणि आई आठ वाजता ताटे घेऊन येईपर्यंत उठत नसत.

मला करायची कल्पना भांडणातून निघाली. ताईला गोष्टींचे खेळ आवडत. म्हणजे ज्यात आपण एखादे पात्र व्हायचे, सामान गोळा करायचे, राक्षसांशी झुंजायचे, असे. पण एका संध्याकाळी ती वैतागली.

"तीन तास नुसती जंगलातून हिंडतेय मी. उंदीर मार, बेडूक मार. राक्षस भेटायचा कधी?"

"मग जंगल काढून टाकू," भाऊ म्हणाला. "नुसते राक्षस ठेवू. एक झाला की दुसरा."

"म्हणजे जेवणात नुसतं गोडच?"

"तुला तेच तर हवं असतं."

झाले! अशा मोठ्या शत्रूला खेळणारे लोक 'बॉस' म्हणतात. माझ्यात असे पाच बॉस आहेत आणि बाकी काहीही नाही. एक सरळ रस्ता, त्याच्या एका टोकाला नायकाचे घर, आणि पुढे एकामागोमाग एक पाच जण वाट अडवून बसलेले. नायकाचे नाव बटण्या. ताईने शर्टाचे बटण कागदावर ठेवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली आणि त्यालाच हात, पाय आणि एक छोटी तलवार काढली. पाय आखूड असल्यामुळे तो चालतो फार सावकाश.

पहिला बॉस जांभईनाथ. एवढी मोठी उशी, की तिला टेकून अख्खे गाव झोपेल. तो जांभई देतो तेव्हाच त्याला मारता येते, पण त्याची जांभई बघून बटण्यालाही जांभई येते आणि पंचाईत होते. दुसरा शिंकोजी. तो एक डोंगर आहे आणि शिंकला की दगडांचा वर्षाव होतो. तिसरे कावळे मास्तर. यांच्या चष्म्याचा नंबर मोठा. ताईने तो काढताना दुकानातला सगळा अनुभव पणाला लावला होता. चौथ्या कात्रीभगिनी, एक थोरली आणि एक धाकटी. त्या बटण्यापेक्षा एकमेकींशीच जास्त भांडतात. त्यांची वाक्ये लिहायला ताईला आणि भावाला जराही विचार करावा लागला नाही. आपण दिवसभरात जे बोललो तेच त्यांनी लिहून काढले.

आणि पाचवा धूळराव.

धूळराव म्हणजे घरातल्या, दारातल्या, कपाटामागच्या सगळ्या धुळीचा मिळून झालेला राक्षस. तलवार मारली की तो उधळतो आणि लगेच पुन्हा गोळा होतो. त्याची गर्जना कशी करावी, यावर भावाने आठवडा घालवला. शेवटी त्याने जेवणाचे टेबल फरशीवरून ओढले आणि तो आवाज पकडला. तेवढ्यात आई धावत आली. त्यामुळे आजही नीट कान दिलात तर धूळरावाच्या गर्जनेच्या शेवटी "अरे, फरशी!" असे बारीक ऐकू येते.

ताईचा स्वभाव मुळात कोणाला मारण्याचा नाही. म्हणून हरलेले बॉस माझ्यात मरत नाहीत. ते रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून चहा पीत बसतात. एवढे करून तिचे समाधान झाले नाही. ती त्यांच्यासाठी बोलणी लिहायला बसली.

"हे कशाला?" भावाने विचारले.

"कोणी मागे फिरून आलंच, तर ते गप्प बसलेले बरे दिसतील का?"

"अगं, पुढे जायचं सोडून मागे कोण येणार आहे?"

"आलंच तर," ताई म्हणाली आणि लिहीत राहिली. प्रत्येकासाठी तीन-तीन बोलणी. पहिल्या वेळेचे, दुसऱ्या वेळेचे आणि तिसऱ्या वेळेचे. ती सगळी माझ्या पोटात जपून ठेवली गेली. पुढे कित्येक महिने ती कोणीही वाचली नाहीत. मला त्याचे थोडे वाईट वाटे. न वाचलेले पत्र खिशात घेऊन हिंडावे, तसे.

मला घडायला चौदा महिने लागले. आता त्या दोघांच्या चुकीबद्दल सांगतो. सांगताना मला संकोच वाटतो, कारण ती चूक त्यांनी प्रेमापोटी केली.

खेळ तपासताना त्यांनी एक युक्ती ठेवली होती. एक ठरावीक कळ दाबली की समोरचा बॉस जागच्या जागी आडवा होई. त्यामुळे पुढचे चित्र, पुढचे संगीत झटपट बघता येई. या कळीने दोघांना आळशी केले. धूळरावाचा पराभव त्यांनी शेकडो वेळा पाहिला होता, पण प्रामाणिकपणे लढून एकदाही नाही. ताईला वाटे, ते भावाने केले असेल. भावाला वाटे, ताईने केले असेल.

त्यात एका रविवारी दोघांनाही वेगवेगळे वाटले, की शेवटचा बॉस जरा सोपा झाला आहे. तोवर बटण्याच्या तलवारीचा एक वार बाराचा होता आणि धूळराव पुन्हा गोळा होताना पाच परत मिळवी. ताईने सकाळी ते पाचाचे दहा केले. भावाने दुपारी ते बाराचे नऊ केले. एकाच भांड्यात दोघांनी मीठ घातले आणि कोणी कोणाला सांगितले नाही. धूळरावाची ताकद शंभर. नऊने वार करा, एक्याण्णव उरतात. लगेच तो दहा परत मिळवतो आणि पुन्हा भरून शंभर होतो. वर्षभर तलवार चालवली असती तरी धूळराव शंभरचा शंभर राहिला असता. मला हे कळत होते. पण खेळाला सांगता कुठे येते? आम्हाला जेवढे लिहून दिलेले असते, तेवढेच आम्ही बोलतो.

आता वाचनालयाकडे वळतो. इथल्या ग्रंथपालबाईंनी मुलांसाठी एक कपाट ठेवले होते. त्यात निवडक खेळ असत आणि मुले ते खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर खेळत. पण कपाटात शिरणे सोपे नव्हते. पूर्वी एक खेळ मध्येच अडकून पडत असे आणि मुले रडत घरी जात. तेव्हापासून बाईंनी नियम केला होता. खेळ आदल्या दिवशी आणून द्यायचा. दुसऱ्या दिवशी दहा ते पाच तो सगळ्यांसाठी खुला. ज्यांनी तो घडवला त्यांनी हात लावायचा नाही आणि काही सुचवायचे नाही. पाचची घंटा होईपर्यंत कोणी तरी बाईंच्या डोळ्यांदेखत त्याचा शेवट गाठला, तर खेळ कपाटात. नाही तर परत, आणि पुन्हा आणायचा नाही.

ताई लहानपणी याच वाचनालयात वाढली होती. घरी जागा नव्हती, म्हणून शाळेनंतर रोज इथे खिडकीशी बसायची. आपण केलेली एखादी गोष्ट या भिंतींच्या आत राहावी, एवढेच तिला हवे होते. मला नेऊन देताना ती भावाला म्हणाली, "हा जर कपाटात गेला नाही, तर चित्रांच्या वह्या माळ्यावर टाकीन. पुन्हा या फंदात पडायचं नाही."

"असं नको ना बोलू," भाऊ म्हणाला.

"नाही, ठरलंय माझं."

ती एकदा ठरवले की ठरवते. भावाचा चेहरा उतरला आणि माझे तर धाबेच दणाणले.

तो दिवस सुरुवातीला फार छान गेला. दहा वाजता पहिली मुलगी बसली, तिच्यामागे दोघे उभे राहिले. साडेअकरापर्यंत खुर्चीभोवती घोळका झाला. जांभईनाथाने जांभई दिली की मागे उभी असलेली माणसेही जांभया देऊ लागली. कात्रीभगिनींचे भांडण ऐकून एक काका म्हणाले, "आमच्याकडच्या दोघी आल्यात बहुतेक इथे." सगळे खो खो हसले. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती. ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून बघितले आणि पाटीकडे फक्त बोट दाखवले. ताई मागच्या बाकावर भावाशेजारी हात मांडीवर घट्ट दाबून बसली होती.

मग एकेक जण धूळरावापाशी पोहोचू लागला आणि हरू लागला. साडेबारापर्यंत दोघे हरले, दोनपर्यंत पाच. आधी लोक म्हणाले, "भारी अवघड आहे!" मग म्हणाले, "फारच अवघड आहे." मग काहीच म्हणेनात, उठून जाऊ लागले. जाणाऱ्या माणसाची पाठ ही खेळाला दिसणारी सर्वांत वाईट गोष्ट असते, मित्रांनो.

साडेतीनला ताईने पडद्यावरचे आकडे नीट पाहिले. शंभर, एक्याण्णव, शंभर. शंभर, एक्याण्णव, शंभर.

"भाऊ," ती अगदी हळू म्हणाली, "तलवार बाराची होती ना?"

"नऊ केली मी. सोपं वाटत होतं."

"मी त्याचं गोळा होणं दहावर नेलं. सोपं वाटत होतं."

भावाने बोटांवर हिशेब केला. पुन्हा केला. त्याला तेवढ्यासाठी बोटे लागत नाहीत, पण माणसाला अशा वेळी काही तरी हातात हवे असते.

"पण तू शेवटपर्यंत खेळून बघितलं होतंस ना?" ताईने विचारले.

"मी? मला वाटलं तू!"

ताई उठली आणि सरळ ग्रंथपालबाईंच्या टेबलाशी गेली. ती स्पष्ट बोलली.

"बाई, आमची चूक झालीये. याचा शेवट कोणालाच गाठता येणार नाही. लोकांचा वेळ फुकट जातोय. मी खेळ परत नेते."

बाईंनी घड्याळ पाहिले. "पावणेचार झालेत. पाच वाजेपर्यंत तो खेळ तुमचा नाही, वाचनालयाचा आहे. मी वेळेआधी वहीत कधीच निकाल लिहीत नाही. जाऊन बसा."

ताई जाऊन बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होते का, ते मला पडद्याच्या आतून दिसले नाही. पण भावाने खिशातला रुमाल काढून दिला, एवढे दिसले.

त्या वेळी खुर्चीत एक टपालवाले काका होते. बटवडा संपवून आलेले, चिकाटीचे माणूस. चार बॉस त्यांनी झटपट उरकले होते आणि आता धूळरावाला तलवारीने बडवत होते. त्यांच्या मागून सफाईच्या मावशी कपाटे पुसत चालल्या होत्या. या मावशी वाचनालयात सव्वीस वर्षे काम करत होत्या. प्रत्येक पुस्तक त्यांच्या हाताखालून गेलेले होते. त्या सकाळपासून जाता-येता पडद्याकडे बघत होत्या आणि नाक मुरडत होत्या. आता मात्र त्यांना राहवले नाही.

"अहो, हे काय चाललंय मघापासून?" मावशी म्हणाल्या. "धूळ अशी बडवून जाते का कधी? उडते आणि परत बसते!"

"तेच तर होतंय, मावशी," टपालवाले काका म्हणाले.

"मग? घरी पण असंच करता काय? ओलं फडकं घ्या की!"

सगळे हसले. काकाही हसले. "खेळ आहे हो हा. इथे कुठलं फडकं?"

"असेल की. एवढी धूळ केली, तर फडकं पण केलंच असेल कुणी तरी. त्या पिशवीत बघा."

काकांनी बटण्याची पिशवी उघडली. तळाशी एक करडी घडी होती. खेळ सुरू होताच ती घराच्या दारातल्या बादलीवरून मिळते. ताईने ते चित्र आईला टेबल पुसताना बघून काढले होते. ते फडके शिंकोजीच्या नाकावर टाकायचे असते, म्हणजे त्याला शिंक येत नाही. बहुतेकांनी ते तिथेच वापरले होते आणि विसरून गेले होते. काकांनी त्यावर बोट ठेवले. खाली ताईने लिहिलेली ओळ आली. ती आजवर कोणी पुरी वाचली नव्हती. मावशींनी ती एकेक शब्द जोडत मोठ्याने वाचली.

"वाळलेले फडके. घरच्या बादलीत बुडवून पिळावे. टाकल्यावर तीन वार होईपर्यंत ओले राहते. टाकले की समोरच्याची खोड बंद."

मागच्या बाकावर ताई ताडकन उभी राहिली. शिंकणे ही शिंकोजीची खोड, तसे गोळा होणे ही धूळरावाची खोड!

"चालेल का रे ते धूळरावाला?" ती भावाच्या कानात म्हणाली.

"काय माहीत. आपण कधी टाकूनच बघितलं नाही."

मला माहीत होते! माझ्या आत आनंदाने नुसता गलका चालला होता. पण सांगणार कसा?

टपालवाल्या काकांना पाचच्या गाडीच्या थैल्या भरायच्या होत्या. ते उठले आणि मावशींना म्हणाले, "बसा तुम्ही. धूळ तुमच्या खात्यातली आहे."

"मी? मला नाही हो येत."

"चार बाण आहेत. जिकडे जायचं तो दाबायचा. मारायचं तर हे लांब बटण. लढाई सोडून मागे जायचं तर 'माघार'. झालं."

मावशींनी आधी पदराला हात पुसले. मग हातातल्या फडक्याने कीबोर्ड पुसला, पडदा पुसला आणि मगच खुर्चीत बसल्या. चार वाजून सतरा मिनिटे झाली होती. त्यांनी एका बोटाने 'माघार' दाबले आणि मित्रांनो, माझ्या जन्मानंतर पहिल्यांदा बटण्या मागे वळला.

आखूड पायांनी तो निघाला. वाटेत कात्रीभगिनी चहा पीत बसल्या होत्या. थोरली म्हणाली, "बघ, परत आला. मी म्हटलं नव्हतं?" धाकटी म्हणाली, "तू कधी म्हणालीस? मी म्हणाले." घोळक्यात हशा पिकला. कावळे मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "वर्गात काही राहिलं का, बाळ?" शिंकोजी म्हणाला, "जरा लांबूनच जा, सर्दी आहे." जांभईनाथ म्हणाला, "दमलास ना? मग लोळ." ताईची ती न वाचलेली बोलणी एकेक करून उजेडात येत होती. गेलेली माणसेही हसण्याचा आवाज ऐकून परत आली. मी इतका सुखावलो, की काय सांगू! खिशातले पत्र शेवटी योग्य हातात पडले.

मावशींनी फडके बुडवले, पिळले, बटण्याला घरच्या खाटेवर घटकाभर निजवून ताजेतवाने केले आणि पुन्हा सगळा रस्ता चालून धूळरावापुढे उभे केले. फडके टाकले. तलवार मारली. एक्याण्णव.

सगळे पडद्याकडे वाकले.

एक्याण्णवच राहिले!

"बसली धूळ!" मावशी म्हणाल्या. आणखी दोन वार केले, त्र्याहत्तरवर आणले. फडके वाळले. त्या लगेच 'माघार' दाबून निघाल्या. बाई आता आपली खुर्ची उचलून पडद्याजवळ आल्या होत्या.

धूळरावाशी हरले तर लढाई पहिल्यापासून सुरू होते. पण कोणी माघार घेऊन परत आले तर काय करायचे, हे त्या दोघांनी मला लिहूनच दिले नव्हते. मागे कोण येणार, असेच भाऊ म्हणाला होता ना? त्यामुळे मी काहीच केले नाही. त्र्याहत्तर होते ते त्र्याहत्तरच ठेवले. माझ्या सर्व गुणांपेक्षा माझी ही उणीवच त्या दिवशी कामाला आली.

दुसऱ्या फेरीत सेहेचाळीस झाले. कावळे मास्तर म्हणाले, "पुन्हा? उद्या पालकांना घेऊन ये." तिसऱ्या फेरीत एकोणीस. जांभईनाथ म्हणाला, "तुझं बघून मलाच दमायला झालं." आता चार अठ्ठेचाळीस झाले होते. एक फेरी साधारण दहा मिनिटांची. बटण्या बिचारा तुरुतुरु चालत होता आणि घोळका त्याच्यासाठी खुर्च्यांच्या पाठी धरून पुढे सरकत होता, जणू ढकलल्याने तो लवकर पोहोचेल.

"मावशी, भरभर!"

"अरे, त्याचे पाय बघा केवढे! काम घाईत केलं की कोपरे राहतात."

चौथ्या वेळेची बोलणी ताईने लिहिलीच नव्हती. त्यामुळे चौथ्या फेरीला कात्रीभगिनी, मास्तर, शिंकोजी, जांभईनाथ सगळे नुसतेच बघत राहिले, बाहेरच्या लोकांसारखे. बादली झाली. पिळणे झाले. खाट झाली. परतीचा रस्ता सुरू झाला. चार छप्पन्न. चार सत्तावन्न. शिपायाने घंटेची दोरी हातात घेतली आणि तोही मान वळवून पडद्याकडेच बघत राहिला. चार अठ्ठावन्नला बटण्या धूळरावासमोर उभा राहिला.

फडके. एक वार. दहा.

दुसरा वार. एक.

धूळरावाची ताकद एक उरली होती. त्याने शेवटची गर्जना केली, टेबल फरशीवरून सरकले. त्या ओरडण्याच्या शेवटी आईचे "अरे, फरशी!" आले आणि मावशी आपसूक म्हणाल्या, "पुसते हो, पुसते!" आणि त्यांनी ते लांब बटण अंगठ्याने दाबले.

धूळराव एकदाच वर उधळला. मग हळूहळू, अगदी हळूहळू खाली बसला आणि त्याच्या जागी एक स्वच्छ, चकचकीत अंगण उरले. भावाने पातेली, चमचे आणि दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या बासरीवर बसवलेले विजयगीत सुरू झाले. ते त्याने शेकडो वेळा ऐकले होते, पण त्या वेळी त्याला ते ऐकू आले नसावे, कारण वाचनालयात एवढा जल्लोष झाला, की वरच्या कपाटातली दोन पुस्तके खाली पडली. मी ते डोळ्यांनी पाहिले. टाळ्या, शिट्ट्या, अनोळखी माणसे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. ताई मावशींच्या गळ्यात पडली. आणि 'शांतता राखा' या पाटीखाली उभ्या राहून ग्रंथपालबाई जोरजोरात टाळ्या वाजवत होत्या! मग शिपायाला आठवण झाली आणि पाचची घंटा वाजली.

बाईंनी वही उघडली. "शेवट कोणी गाठला?"

"मावशींनी!" सगळे ओरडले.

"मी आपली धूळ पुसली," मावशी म्हणाल्या.

ताई म्हणाली, "मावशी, मी उद्याच ते आकडे नीट करते. तलवारीने पण जिंकता आलं पाहिजे."

"कशाला?" मावशींनी भुवया उंचावल्या. "खरं आहे ते. धूळ अशीच असते. लिहिलंय ना तिथे फडक्याचं? वाचतील की!"

ताईने भावाकडे पाहिले. भावाने ग्रंथपालबाईंकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "वाचनालय आहे हे. वाचायला लावणारा खेळ चालेल."

म्हणून ते नऊ आणि ते दहा माझ्यात आजही तसेच आहेत. मी कपाटात गेलो. ताईच्या वह्या माळ्यावर गेल्या नाहीत, त्यातून माझी तीन भावंडे जन्मली. ताईने बदल केला तो एकच. प्रत्येक बॉससाठी चौथ्या वेळेचे बोलणे लिहिले. ते काय आहे, ते मी सांगणार नाही. तुम्हीच जाऊन बघा.

पुढे माझे बरे दिवस आले आणि गेले. एके काळी माझ्यासाठी नावे लिहून रांग लावत. मग नवे खेळ आले आणि रांग त्यांच्याकडे गेली. मध्यंतरी वर्षभर मला कोणी उघडले नाही. रोज रात्री पडद्यावर खऱ्या धुळीचा पातळ थर बसे, तेव्हा आतला धूळराव मला म्हणाल्यासारखे वाटे, "शेवटी जिंकलो की नाही?" पण रोज सकाळी नऊला मावशी येत आणि ओले फडके फिरवून त्याला गप्प करत. आता मावशी निवृत्त झाल्या आहेत. गेल्या महिन्यात त्या एक पुस्तक बदलायला आल्या होत्या. खिडकीशी एक मुलगी धूळरावाला तलवारीने बडवत होती. मावशी तिच्यामागे उभ्या राहिल्या. त्यांनी तोंडातून एक शब्द काढला नाही, फक्त कमरेवर हात ठेवले. मुलगी थांबली. तिने पिशवी उघडली, तळाशी बोट नेले आणि ओठ हलवत ती ओळ वाचू लागली.

मित्रांनो, मला तुमच्याकडे फार मागायचे नाही. मला खेळून झाल्यावर कॉम्प्युटर नीट बंद करा. कीबोर्डवर खाऊ सांडू नका. आणि एखादा धूळराव हटेनासा झाला, तर नुसती जोरात तलवार मारत बसू नका. सुरुवातीला, अगदी घराच्या दारात, कोणी तरी तुम्हाला काही तरी दिलेले असते. ते तुम्ही पिशवीच्या तळाशी टाकून विसरलेले असता. मागे फिरायला लाजू नका. रस्त्यात भेटणारे सगळे तुमची वाटच बघत बसलेले आहेत.

ती मुलगी त्या दिवशी चौथ्या फेरीला जिंकली. पाटीकडे बोट कोणीच दाखवले नाही.